फक्त धरा, अण्णा!

गेल्या रविवारी सकाळी जुईनगरला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी बाइक आणि मी, दोघी आडव्या होता होता वाचलो. आज निवांत लिहितेय.

बाइकची चेन साफ करायची होती. माझ्या बाइकला मेन स्टँड नाही, फक्त साइड स्टँड. चेन नीट साफ करायची तर मागचं चाक हवेत हवं... म्हणजे कुणीतरी गाडी मागून उचलायला हवी.

हे काम आमच्याकडे अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील, मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये जन्मभर माथाडी. आमच्या घरात वस्तू सरकवत नाहीत, उचलतात. फ्रीज, कपाट, शेजाऱ्यांचा सोफा... सगळं.

अण्णा सीटमागचा दांडा धरून गाडी वर घ्यायचे आणि मी खाली लाकडी ठोकळा सरकवायचे. पद्धत चुकीचीच, ठोकळा घसरला की बोटं गेली. पण अण्णा आहेत म्हटल्यावर मला कधी भीती वाटली नाही.

दिवाळीनंतर अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, वजन उचलायचं नाही, भरलेली बादलीसुद्धा नाही. पुन्हा त्रास झाला तर दुसरं ऑपरेशन, आणि त्यांची शुगर बघता ते सोपं जाणार नाही. अण्णांनी मान डोलावली... आणि घरी आल्या आल्या गॅस सिलिंडरला हात घातला. तेव्हापासून आई आणि मी पहाऱ्यावर आहोत.

म्हणून मी पॅडॉक स्टँड मागवला. लोखंडी घोडीच म्हणा. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खालून त्याचे रबरी टेकू लावायचे, मागची दांडी खाली दाबायची, की चाक वर. फार ताकद लागत नाही. मला वाटलं, टेन्शन मिटलं.

अण्णांनी तो बॉक्स बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "ह्ये लोखंड कशापायी आनलंस? मी हाय की." एवढंच बोलले, आणि मग माझ्याशी धड बोलेचनात. मला वाईट वाटलं, पण राग जास्त आला. ज्याच्यासाठी करायचं तोच रुसून बसतो म्हणजे काय!

रविवारी मी एकटीच खाली गेले. अण्णा पाठोपाठ आले, पण वॉचमनच्या केबिनजवळ खुर्ची टाकून पेपर वाचत बसले. मीही हाक मारली नाही. पहिल्यांदा स्टँड लावताना सोबत दुसरं माणूस हवं, हे व्हिडिओत स्पष्ट सांगितलं होतं... पण शेवटी मी त्यांचीच मुलगी.

पुढचा ब्रेक रबराने आवळून बांधला, पॅडॉक स्टँड मागे ठेवला, गाडी सरळ केली... आणि सवयीने पाय गेला. साइड स्टँड वर! आपल्याकडे साइड स्टँड खाली राहिला तर सिग्नलवर रिक्षावाल्यापासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळे ओरडून सांगतात. पायाला इतकी सवय झालीये की गाडी सरळ झाली की तो विचारत नाही.

गाडी घोडीवर चढेपर्यंत तो साइड स्टँडच आपला आधार असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एका हाताने सीटमागचा दांडा धरला, दुसऱ्याने घोडीची दांडी दाबली. एकाच बाजूचा टेकू लागला होता. घोडी खणकन सुटली आणि गाडी माझ्या अंगावर कलली. कमरेने कशीबशी तोलून धरली... साइड स्टँडपर्यंत पाय पोचेना, आणि गाडी सोडली असती तर माझ्याच पायावर आली असती.

मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. अण्णा धावत आले. गुडघे वाकवले, दोन्ही हात दांड्याखाली घातले, श्वास भरून घेतला... हा पवित्रा मी लहानपणापासून बघितलाय. मी किंचाळलेच, "अण्णा, उचलू नका! फक्त धरा!"

आणि ते थांबले. "नुस्तं धरू?" असं विचारलं, जणू मी काहीतरी वेडंवाकडं सांगतेय. "हो, पुढून हँडल धरा!"

ते पलीकडून पुढे गेले, हँडल धरलं, गाडी सरळ झाली. मी आधी साइड स्टँड खाली घेतला. मग घोडी पुन्हा लावली, दोन्ही टेकू लागलेत का ते वाकून बघितलं आणि दांडी दाबली. मागचं चाक अलगद वर उठलं. अण्णा हँडल धरून त्या चाकाकडे बघत राहिले.

मग ते खाली बसून हाताने चाक फिरवू लागले आणि मी जुन्या टूथब्रशने चेन घासली. इंजिन अर्थात बंद. काहीजण गाडी चालू करून गिअरमध्ये चेन साफ करतात... कृपा करून करू नका, बोट कधी जाईल कळणारही नाही.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे पाटील काका पिशवी घेऊन आले. ते मूळचे इथलेच, शिरवणे गावचे आगरी. "काय अन्ना, गारी तुमीच उचलली ना?"

अण्णा हो म्हणाले असते तरी चाललं असतं. मीही मान डोलावली असती.

अण्णांनी फडक्याला हात पुसले. "न्हाय. पोरीनं उचलली. म्या नुस्ती धरली."

मी चेनकडे बघत उगाच घासत राहिले.

संध्याकाळी आईने बाथरूममध्ये बादली भरून ठेवली होती. अण्णा उठले, बादलीपाशी गेले, जरा वेळ उभे राहिले... आणि मला हाक मारली.

इतक्या आनंदाने मी आजवर बादली उचलली नव्हती.