अटी आणि शर्ती वाचणारे व्याही

सन २०२५. मला एकाहत्तरावं लागलं होतं. बहरैनमध्ये आयुष्य काढलं, नाना देशांची माणसं पाहिली, पण समोर येईल तो कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचणारा माणूस पृथ्वीवर एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही आहे. पुण्याचे, विम्याच्या ऑफिसातून रिटायर झालेले. थंडीत दोन महिने मुलाकडे, म्हणजे माझ्या लेकीच्या घरी इथल्या अमवाज बेटावर येतात. तिथल्या लिफ्टमध्ये आठ माणसांची पाटी आहे. नववा आत आला की हे स्वतः बाहेर पडतात. सर्दीची गोळी घेण्याआधी खोक्यातला कागद उलगडून दोन्ही बाजू वाचतात, तोवर सर्दी जाते. एकदा सीफच्या मॉलमध्ये फाटकाशीच मला गाडी थांबवायला लावून पार्किंगच्या तिकिटाची मागची बाजू वाचत बसले. मागे हॉर्नांचा गोंगाट, कुणी यल्ला यल्ला करतोय. व्याही शांतपणे म्हणाले, "गाडीला काही झालं तर जबाबदार आपणच आहोत. माहीत असलेलं बरं."

मी चौथी शिकलेला. मनामाच्या सूकमागे, म्हणजे जुन्या बाजारामागे, माझं बोर्डांचं दुकान आहे. अरबी, इंग्रजी, मल्याळी, कुठलीही पाटी सांगा, मी रंगवलीय. वाचता एकही येत नाही, पण वळण चुकलं असेल तर रस्त्यापलीकडून सांगेन. हाताने काढलेली ती सगळी अक्षरं लेकीने दुकानातल्या कॉम्प्युटरात भरून दिली. त्यावरून मशीन आता स्टिकर कापतं. मूळ कागद एसीच्या गळतीत भिजून गेले आणि हात माझा आता थरथरतो. म्हणजे चाळीस वर्षांचं जे काही आहे ते त्या एका डब्यात. डबाही जुनाच. त्याच्यावर रोज सकाळी एक निरोप यायचा आणि मी रोज फुली दाबून त्याला हाकलायचो. तो एकदा दुकानात आलेल्या व्याह्यांनी वाचला. जुन्या सिस्टीमची मुदत संपलीय, नवी घाला, असं त्यात होतं म्हणे. चालतंय ते चालू द्या, मी म्हटलं. "मुदत संपलेलं मी कधी चालू दिलं नाही," ते म्हणाले. आता मुलीच्या सासऱ्याला नाही कोण म्हणणार?

दुपारी जेवून कॉम्प्युटरपुढे बसलो. अटी-शर्तींचं पान आलं. लेक म्हणते, सगळं जग तिथे खाली जाऊन 'मान्य' दाबतं. व्याह्यांनी चष्मा पुसला आणि पोथी वाचावी तशी एकेक ओळ मराठी करून मला ऐकवायला लागले. दीड तास. मी मान डोलवत होतो. मधेच थांबले. "इथे लिहिलंय, फायली गेल्या तर ते जबाबदार नाहीत. तुमच्याकडे कॉपी आहे ना?"

कॉपी कशी काढतात ते मला ठाऊक नव्हतं आणि ते यांच्यापुढे कबूल करायचं नव्हतं. "आहे," मी म्हटलं.

मग त्यांनी 'मान्य' दाबलं आणि पडदा काळा झाला. टक्क्यांचे पांढरे आकडे चढू लागले. व्याही प्रत्येक आकडा वेळेसकट डायरीत टिपत होते. सत्तेचाळीसवर आकडा थांबला. चहा झाला, दुपारची असरची अजान झाली, सत्तेचाळीस. व्याह्यांनी मला पंखाही लावू दिला नाही, उगाच विजेवर ताण नको म्हणून. स्वतः लघवीलाही जाईनात. गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानेच परत पाठवलं. माझ्या डोळ्यांपुढून एकेक पाटी जात होती, कोपऱ्यावरच्या बेकरीची, त्या घड्याळवाल्याची.

"कॉपी नाहीये," मी म्हटलं.

व्याह्यांनी पेन खाली ठेवलं. "मग मघाशी आहे का म्हणालात?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले नाहीत. मग मीच बोलत सुटलो. इथे आलो तेव्हा एका कागदावर सही केली होती. रंगारी म्हणून आणलं होतं मला, आणि दीड वर्ष सिमेंटच्या गोण्या उचलल्या. कागदात मजूर असंच लिहिलं होतं म्हणे. तेव्हापासून कागद आला की ऐटीत सही ठोकतो, म्हणजे वाचता येत नाही हे कुणाला कळत नाही. आज पहिल्यांदा कुणी मला वाचून दाखवलं, आणि मी तिथेही मान डोलावली.

व्याह्यांनी आपली खुर्ची माझ्या खुर्चीला लावली. "व्याहीबुवा," ते म्हणाले, "तुम्हाला नुसती मान डोलवताना बघून तिथेच थांबायला हवं होतं. चूक माझी."

तसे आम्ही बसून राहिलो. संध्याकाळी मगरिबच्या अजानच्या सुमाराला अठ्ठेचाळीस आलं आणि त्यांनी डायरीकडे न बघता माझा हात दाबला. पुढे सगळं भराभर झालं. अक्षरं होती, एकूण एक होती. व्याह्यांनी लगेच अक्षरांची कॉपी काढली, मला दोनदा काढायला लावली, आणि मगच लघवीला गेले.

दुकानाच्या भाड्याचा नवा करार महिनाभर माझ्या खणात पडून होता. सही करायची तेवढी बाकी. शनिवारी व्याह्यांचं विमान होतं. त्याआधीच, कॉम्प्युटरच्या प्रकरणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी तो करार घेऊन अमवाजला गेलो, लेकीच्या जेवणाच्या टेबलावर त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "वाचा. सावकाश वाचा."