रडणाऱ्या पेंग्विनचं पान

तो फ्रीज आला तेव्हा आम्ही गुडगावला नवे होतो आणि गुडगावही नवंच होतं. नवऱ्याच्या मानेसरच्या कारखान्यातला कोरियन साहेब मायदेशी परतताना घरातलं सामान विकून गेला. त्यात हा दोन दारांचा, कपाटाएवढा फ्रीज आमच्याकडे आला. स्वयंपाकघराच्या दारातून तो आत जाईना, म्हणून हॉलमध्येच सोफ्याशेजारी उभा राहिला. प्लंबरने सिंकखालच्या नळापासून एक बारीक पांढरी नळी भिंतीच्या कडेकडेने आणून त्याला जोडून दिली. मग हा आपला आपण पाणी घ्यायचा, गोठवायचा आणि तयार झालेले बर्फाचे खडे धडाधड खालच्या डब्यात पाडायचा.

मे महिन्यात सासरे, म्हणजे बाबा, पुण्याहून आले. त्यांना लाल किल्ला बघायचा होता, पानिपतला काला अंबच्या युद्धस्मारकाला जायचं होतं. पण बाहेर तापल्या वाऱ्याची लू अशी चाललेली की सकाळ सरली की दार उघडायची सोय नाही. त्यामुळे दिल्लीदर्शन राहिलं आणि फ्रीजदर्शन सुरू झालं. बर्फ पडला की ते हातातला पेपर ठेवून मला हाक मारायचे, "आला गं माल!" दारात येईल त्याला बर्फ. इस्त्रीवाल्याने एकदा घाबरून विचारलं, "बाबूजी, इसका करना क्या है?"

एकदा मी पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत होते, तर बाबा स्वयंपाकघरात येऊन नुसते उभे राहिले.

"अगं, कालपासून आवाज नाही त्याचा."

जाऊन बघितलं तर डबा रिकामा. मी नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. "यार, तुम्ही दोघं प्लीज कशाला हात लावू नका," तो कुजबुजला. "मी मेकॅनिकला सांगतो. येईल दोन-चार दिवसांत."

"अच्छा, बिल्कुल नाही लावत," म्हणून मी फोन ठेवला. वळून बघते तर बाबांनी सदरा काढून खुर्चीवर टाकलेला आणि ते फ्रीजच्या मागे शिरायला जागा करत सोफा ढकलत होते.

साहेबाने फ्रीजसोबत माहितीचं पुस्तकही दिलं होतं, पण सगळं कोरियन भाषेत. नशिबाने चित्रं होती. जिथे सगळं ठीक तिथे एक पेंग्विन हसत होता आणि शेवटच्या एका पानावर तोच पेंग्विन ढसाढसा रडत होता.

"हे आपलं पान," बाबा म्हणाले.

पहिल्या चित्रात बर्फाच्या डब्यावरचा तारेचा दांडा वर उचललेला होता आणि त्यावर फुली. आमचा दांडा व्यवस्थित खाली होता. दुसऱ्या चित्रात नळ. मी जाऊन सिंकखाली बघितलं, नळ उघडा होता. बाबांनी मागची नळी काढून बादलीत सोडली, तर पाणी येत होतं, पण अगदी दोऱ्याएवढ्या धारेने. म्हणजे फ्रीजपर्यंत पाणी पोचत होतं. मग आत का नाही?

तिसऱ्या चित्रात एका नळकांड्यात ठिपके ठिपके काढले होते.

"मुंग्या असतील," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, फ्रीजरमध्ये मुंग्या?"

"कोरियातल्या असतील गं, थंडीची सवय असलेल्या!"

तिथून जे हसू सुरू झालं ते थांबेचना. हसत हसतच मी फ्रीजरमध्ये हात घालून वरचं नळीचं तोंड चाचपलं. बोटाला टणक लागलं. ठिपके म्हणजे बर्फ! पाणी इतकं हळू येत होतं की खणात पडायच्या आधीच नळीत गोठून बूच बसलं होतं. आम्ही सिंकखालचा नळ आणि फ्रीज दोन्ही बंद केले. मी केस वाळवायचं मशीन आणून, कोरड्या स्टुलावर उभी राहून, लांबूनच त्या नळीवर गरम हवा सोडू लागले. बाबा खाली वाडगं धरून उभे. "टिपकलं! टिपकलं!" ते ओरडत होते. शेवटी बर्फाची एक छोटी कांडी सुळकन वाडग्यात पडली. बाबांनी ती उचलून मला अशी दाखवली की जणू नातवाचं तोंड दाखवताहेत.

घाईघाईत त्यांनी मागची नळी पुन्हा जोडली आणि मी सिंकखालचा नळ सोडला. नेमका तेव्हाच सोसायटीचा पंप सुरू झाला असावा. दिवसभर न आलेला जोर त्या नळीत एकदम आला, ती फ्रीजपासून सुटली आणि हॉलभर नाचायला लागली. सोफा, पडदे, टीव्हीवरचा गणपती, सगळ्यांना अंघोळ. "नळ! नळ!" बाबा ओरडत होते, पण बनियनवर मे महिन्यातलं गार पाणी बसत होतं आणि ते नळी पकडायचं सोडून हात पसरून उभे राहिले होते. मी धावले, घसरले, बसल्या बसल्याच सरकत जाऊन नळ बंद केला.

तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आंटी.

"हमारी बाल्कनी में झरना बह रहा है! ऊपर कर क्या रहे हो आप लोग?"

मी ओली, बाबा ओले. बाबांनी गंभीर चेहऱ्याने रडणाऱ्या पेंग्विनचं पान पुढे केलं आणि म्हणाले, "बहनजी, ये रो रहा था. हमसे देखा नहीं गया."

आंटींनी पेंग्विनकडे बघितलं, बाबांच्या बनियनकडे बघितलं, आणि त्या दारातच भिंतीला धरून हसायला लागल्या. मग साडीचा पदर खोचून त्यांनीच वायपर मागून घेतला. तिघांनी मिळून हॉल कोरडा केला. या वेळी नळी पान्याने नीट आवळली, नळ हळूच सोडला, फ्रीज सुरू केला, आणि थोड्या वेळाने खणात पाणी पडल्याचा आवाज आला.

आंटी घरी गेल्याच नाहीत. आम्ही ओल्या सोफ्यावर चादर घालून तिघं फ्रीजकडे तोंड करून बसलो. कोमट पन्ह्याचे ग्लास हातात, वेलदोड्याचा वास, आणि आंटी त्यांच्या सासऱ्यांच्या गोष्टी सांगत होत्या. ऊन उतरलं तेव्हा आतून खडखडाट झाला. आंटी दचकल्या आणि मग आम्ही तिघंही इतक्या जोरात ओरडलो की त्याच वेळी जिना चढून आलेला नवरा ऑफिसची बॅग छातीशी धरून दारातच थबकला.

"काय झालं? पडदे ओले का आहेत?"

बाबांनी त्याला ग्लास दिला, काठोकाठ बर्फ घालून. त्याने एक घोट घेतला, डोळे मिटले आणि पडद्यांचं विचारायचं सोडून दिलं.

रात्री जेवताना बाबा त्याला सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "माझं परतीचं तिकीट पुढं ढकलता येईल का रे? खालच्या बाईंचा मिक्सर आवाज करतो म्हणतात. उद्या सकाळी बघायला बोलावलंय."