ड्रायव्हर सुटला, आत्या हरली

तुम्ही शेवटची वाचलेली रहस्यकथा आठवा आणि खरं सांगा: त्यात खून कोणी केला होता? घराच्या मालकानं, की त्याच्याकडे कामाला असलेल्या कोणी?

मी नुकत्याच अशा तीन कादंबऱ्या वाचल्या. पहिलीत खुनी निघाला स्वयंपाकी, दुसरीत माळी, तिसरीत ड्रायव्हर. तिन्हींच्या शेवटी बडी मंडळी दिवाणखान्यात जमतात, गुप्तहेर येरझाऱ्या घालत सगळं उलगडून सांगतो आणि ऐकणारे चहा पितात. पहिल्या कादंबरीत तर स्वयंपाक्याला पोलीस घेऊन गेलेले असतात. मग तो चहा कोणी केला? लेखकाला हा प्रश्न पडत नाही. मला दुसरं काही सुचत नाही.

यात माझा दोष नाही. आमचं घर मराठवाड्यातून हैदराबादला आलं, तेव्हा सामानात भांड्यांपेक्षा चळवळीच्या पुस्तिका जास्त होत्या. मी अक्षरं शिकले ती जयंतीला वाटायच्या पत्रकांवर. ‘अन्याय’ हा शब्द मला ‘आंबा’च्या आधी वाचता येत होता. गोष्टीची पुस्तकं म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं वडिलांचं ठाम मत. त्यामुळे रहस्यकथा माझ्या हातात पडली ती थेट पंचविशीनंतर, आणि तीही आत्यामुळे.

आत्याचं शहरातल्या कोठी भागातल्या दवाखान्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चष्म्याचा नंबर मिळेपर्यंत वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, आणि तिला वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. पुस्तकं पुरवायच्या समोरच्या दारातल्या निवृत्त मराठी शिक्षिका. विद्यानगरची आमची अख्खी इमारत त्यांना ‘बाई’ म्हणते. घराणं शहरातलं जुनं, वडील वकील, आजोबा सरकारी हुद्द्यावर. आत्या ‘हौ’ म्हणाली की बाई न चुकता ‘हो’ म्हणून दुरुस्त करतात. आत्या हसते, पण तिला ते लागतं.

स्वयंपाकी आणि माळी मी मुकाट्यानं फासावर चढवले. तिसऱ्या वेळी मात्र राहवेना. म्हाताऱ्या शेठच्या गाडीचे ब्रेक ड्रायव्हरनं बिघडवले होते. मी तो गुन्हा वाचता वाचता शेठच्या बिल्डर पुतण्याच्या गळ्यात घातला. पण बिल्डरला ब्रेकमधलं काय कळणार? म्हणून जागच्या जागी त्याला लहानपणापासून गॅरेजचा शौक देऊन टाकला. न्याय झाला. मी पुस्तक मिटलं.

आत्या उठून बसली. मग म्हणाली, “ड्रायव्हर नव्हता?”

“नाही.”

“मग हरले मी. जा, कोपऱ्यावरून मिर्ची बज्जी आण.”

तेव्हा मला कळलं की तिची बाईंशी पैज लागली होती. पुस्तक अर्ध्यावर असतानाच तिनं ड्रायव्हरचं नाव घेतलं होतं, आणि बाई फक्त “बघू या” म्हणाल्या होत्या. खरं सांगायची वेळ हीच होती. मी बज्जी आणायला गेले.

संध्याकाळी बाई आल्या. आत्यानं ताटली पुढे केली. “घ्या बाई, जिंकलात तुम्ही. पुतण्या निघाला.”

बाईंचा हात थांबला. “पुतण्या? ताई, डोळ्यांचं झालं, आता कानांचंही ऑपरेशन करून घ्या.”

“हिनंच वाचलं की. विचारा.”

बाईंनी मला काही विचारलं नाही. पुस्तक उचललं आणि शेवटचं प्रकरण वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं. ड्रायव्हर आला, ब्रेक आले, कबुली आली. गॅरेजचा शौक काही आला नाही.

“म्हणजे मी जिंकले होते?” आत्यानं विचारलं.

“अर्थात.”

आत्या माझ्याकडे वळली. मी लगेच उभी राहिले. “पण आत्या, दर वेळी राबणाऱ्यालाच का गुन्हेगार ठरवायचं? हे लेखक लोक...”

“बस खाली. स्टेज नाही हे. त्या ड्रायव्हरला वाचवलंस अन् मला बुडवलंस. अगं, किती डोकं लावलं होतं त्यानं! मालकासमोर मान खाली घालून सगळा बेत मनात रचला. तू ते डोकंसुद्धा काढून मालकाच्याच पुतण्याला दिलंस. गरिबाला एक धड खून करू देईना ही पोरगी!”

बाई इतक्या हसल्या की त्यांना मिरचीचा ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाल्या, “ताई, लाखमोलाचं बोललात.”

“हौ ना?” आत्या म्हणाली.

बाईंनी ते तसंच जाऊ दिलं.

माझं मत बदललेलं नाही. ड्रायव्हरनं खून का केला, यावर त्या लेखकानं एक ओळ खर्चली आहे, आणि ती ‘लोभापायी’ अशी आहे. पण त्याचं डोकं मात्र मी त्याला परत केलं आहे. आता चौथी कादंबरी चालू आहे. ही बाईंनीही वाचलेली नाही, म्हणून त्याही ऐकायला बसतात. खरं तर माझ्यावर नजर ठेवायला. मी छापलंय तेच वाचते. शेवटच्या प्रकरणाआधी पुस्तक मिटायचं, दोघींनी खुनी आणि त्याचं कारण सांगायचं, असं ठरलं आहे. मलाही भाषणाची परवानगी मिळाली आहे, एक बज्जी संपेपर्यंत.

तुमच्याही घरात कोणाचे तरी डोळे थकले असतील. त्यांना एक रहस्यकथा मोठ्यानं वाचून दाखवा. शेवटचं प्रकरण आलं की थांबा आणि विचारा: खून कोणी केला, आणि कशासाठी? उत्तर पूर्ण ऐकून घ्या, मगच पान उलटा. आणि त्या दिवाणखान्यातला चहा कोणी केला होता, तेवढं मला कळवा.