मी शिवलेली रक्तवाहिनी

कट्टा गावच्या बाजारात, एसटी थांब्यासमोरच्या घरात, मी शिवणकाम करत असे. नवरा बोटीवर खलाशी, वर्षातले दहा महिने पाण्यावर. घरात मी आणि माझं मशीन. पोलकी, परकर, लग्नसराईत नवरीचे कपडे. माझा टाका बारीक होता आणि उसवत नसे, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

शेजारच्या घरातले एक डॉक्टर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात सर्जन होते. दर मे महिन्यात गावी येत. साठ सालानंतरच्या एका मे महिन्यात ते सकाळीच माझ्या ओटीवर आले. हातात पांढऱ्या टेरिलीनचा तुकडा आणि कागदावर काढलेलं एक चित्र. चित्रात जाड नळी, खाली तिला दोन फाटे.

"वयनी, ह्या माका शिवून होया."

"कोणाच्या झिलाची चड्डी ही?" मी विचारलं. दिसत होती लहान मुलाची चड्डीच, फक्त कमर अंगठ्याएवढी.

ते हसले नाहीत. बाकावर बसून त्यांनी स्वतःच्या बेंबीवर बोट ठेवलं. "काळजाकडसून रक्ताची मोठी शीर पोटात खाली येता. हयसर तिका दोन फाटे फुटतत, एकेका पायाक एक. काय जणांची ही शीर आतून गाळ साचान बंद पडता. मगे चार पावलां चलली की पोटऱ्यो धरतत. पुढे पाय काळो पडता, कापूचो लागता. परदेशात आता कपड्याची शीर करून घालतत. ती आमका हयसर मिळणा नाय. इस्पितळातल्या शिंप्यान शिवली, ती उसावली. तेवा तुमचो टाको आठावलो."

"आणि ही माणसाच्या पोटात जातली?"

"आदी कुत्र्यांका. ती जगली तर मगे माणसाक."

मला भीती वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला मापं हवी होती. मी टेप काढली.

पहिली नळी दुपारपर्यंत तयार झाली. डॉक्टरांनी तिच्या काठाला नख लावलं आणि धागे मोकळे झाले. सुती कापडाचा काठ दुमडून शिवता येतो. इथे दुमड चालणार नव्हती. आतून गुळगुळीत हवं, बाहेरून जाडी नको. दोन दिवस मी तुकडे वाया घालवले. तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा शर्ट आठवला. त्याने बाहेरदेशातून आणलेला टेरिलीनचा शर्ट मी एकदा इस्त्रीने जाळला होता. कापडाची राख झाली नव्हती, ते वितळून कडक झालं होतं. मी चुलीत सुरी तापवली आणि शिवणीला लागून कापड कापलं. काठ बंद. नखाने ओढा, दाताने ओढा, धागा सुटेना.

डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी नळी वाकवली. ती मध्येच चपटी होऊन मिटली.

"माणूस बसलो की कमरेत वाकतलो," ते म्हणाले. "मगे रक्त खंयसून जातला? परदेशातल्या नळ्यांक चुण्यो असतत. त्यो कशो करतत ता माका म्हायत नाय."

चुण्या म्हटल्यावर मला देवळातल्या बाजाच्या पेटीचा भाता दिसला. तो कसाही वळवा, आतली हवा अडत नाही. नळीच्या जाडीची एक गुळगुळीत बांबूची काठी घेतली, पायांसाठी दोन बारीक. नळी काठीवर चढवली, वरून दोरा गुंडाळला, दोन्ही बाजूंनी दाबून जवळ आणली आणि भाताच्या टोपात तासभर उकळली. निवल्यावर दोरा सोडला. चुण्या जशाच्या तशा. डॉक्टरांनी ती नळी बोटाभोवती वळवली, तिच्यातून फुंकून पाहिलं आणि वारा पलीकडे आला तेव्हा माझ्याकडे बघून मान डोलावली.

मी मात्र तांब्याने पाणी ओतून बघितलं आणि ओरडलेच. "डॉक्टरानू, ही गळता!"

"गळूकच होया. घालूच्या आदी त्याच माणसाचा रक्त आमी तिच्यार ओततंव. ता कपड्याच्या बारीक भोकांत गोठता आणि भोका बुजतत."

जूनमध्ये ते मुंबईला गेले. त्यानंतर वर्षभर मी रजिस्टर पार्सलने नळ्या पाठवत राहिले. कुत्री जगली. मग एक कार्ड आलं: पहिल्या माणसाला नळी घातली, तो तिसऱ्या दिवशी गेला.

त्या आठवड्यात मी टेरिलीनला हात लावला नाही. मग उलट टपाली एकच प्रश्न लिहिला: माझी शिवण उसवली का? उत्तर आलं: नाही. शिवण शाबूत होती, हृदय थकलं होतं. पुढच्या नळ्या पाठवा. त्या दिवशी संध्याकाळीच मी पुन्हा मशीनवर बसले. अनोळखी माणसासाठी रडू आलं होतं, ते खरं. पण टाक्यावरचा माझा विश्वास ढळला नव्हता.

पुढल्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, एक उंच माणूस माझ्या दारात उभा राहिला. मिठबावचा तांडेल, म्हणजे मासेमारीच्या होडीचा म्होरक्या. हातात सुरमई.

"डॉक्टरांनी नाव सांगितल्यानी तुमचा. मुद्दाम अलीकडच्या थांब्यार उतारलंय. थयसून चलान इलंय."

"कित्याक?"

"चलाक येता म्हणान! पयला घराकडसून बंदरार जावक तीनदा बसूचा लागी."

मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सरळ म्हटलं, "शिवण दाखवा." त्याने न लाजता सदरा वर केला. छातीखालून बेंबीच्या खालपर्यंत लांबलचक वण.

"टाके लांब पडले हत," मी म्हटलं. "आतले माझे बारीक आसत."

तो खदखदून हसला. मग त्याने सांगितलं की पावलाच्या वरच्या बाजूला नाडी लागते, डॉक्टरांनी त्याला शोधायला शिकवली होती. ऑपरेशनच्या आधी ती तिथे नव्हतीच. मी खाली बसले तसा त्याने पाय मागे घेतला. "तुमी नको. ज्यांनी पाय दिले त्यांनी पायाक हात लावचो नाय."

"शिवणारी बाय मापाक पायाक हात लावताच," मी म्हटलं आणि दोन बोटं ठेवली. खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने रापलेली कातडी. थोडं इकडे तिकडे चाचपलं, आणि बोटाखाली ठोका लागला. मग दुसरा. मग सारखे. मी बराच वेळ बोटं काढली नाहीत.

दोन-तीन वर्षांनी डॉक्टरांनी तयार नळी आणून दाखवली. यंत्रावर गोल विणलेली, शिवणच नाही. मी ती उलटसुलट करून पाहिली.

"माझ्यापरास बरी आसा," मी म्हटलं. मनापासून म्हटलं, चांगलं काम मला ओळखता येतं. त्यानंतर मी नळ्या शिवल्या नाहीत.

तांडेल मात्र दरवर्षी येत राहिला, त्याच थांब्यावरून चालत. एकदा त्याच्या सदऱ्याला बिडीचा वास आला. डॉक्टरांनी त्याला बिडी कायमची सोडायला सांगितली होती. मी त्याला दारातच उभं केलं. "माझी शिवण धुरात घालूक दिलली नाय."

तो खाली मान घालून उभा राहिला, एवढा मोठा माणूस. मग खिशातला बिड्यांचा कट्टा काढून त्याने माझ्या हातावर ठेवला. मी तो चुलीत टाकला आणि चहा ठेवला.