पहिला महिना मोफत

वाशीमच्या बाजारात सरवरीचं बांगड्यांचं दुकान आहे. एकाच शटरचं, अरुंद. पण गावोगावच्या बाया तिच्याकडेच येतात, कारण तिचा हात हलका. पंजा किती का कडक असेना, ती गप्पा मारता मारता तो असा दाबून धरते, की बांगडी मनगटात गेल्यावरच बाईला कळतं.

तिचा नवरा शफीक वेल्डर. लेक नमरा रांगत होती तेव्हा तो सौदीला गेला. "दो साल, बस," म्हणाला होता. मग त्या दोन सालांना आणखी दोन जोडली गेली, त्यांना आणखी दोन. मधूनमधून तो यायचा, महिनाभर राहायचा, आणि घराला त्याची सवय लागायच्या आत परत जायचा. शेवटचा आला तो करोनाच्या आधी. नंतर कधी विमानं बंद, कधी सुट्टी नामंजूर. नमराचा निकाहसुद्धा त्यानं फोनवरच पाहिला, आणि नेमकी 'कबूल है'च्या वेळी रेंज गेली. पोरगी अकोल्याला नांदायला गेली, आणि घरात सरवरी एकटी उरली.

मग एका जुम्म्याला शफीकचा फोन आला. बकरी ईदनंतर तो येणार होता, कायमचा.

त्या दिवशी तिनं गिऱ्हाइकांना चहा पाजला. संध्याकाळी दुकान आवरताना मात्र सहज आरशात नजर गेली आणि तिथंच अडकली. भांगात पांढरं, डोळ्यांखाली काळं, गळ्याची कातडी सैल. वरची एक दाढ काढल्यापासून गालही आत गेलेला. शफीकच्या पाकिटात तिचा जो फोटो होता, त्यातली बाई ही नव्हती. ती कुठं गेली, तो कुणाला विचारणार?

तेव्हापासून व्हिडिओ कॉल आला, की ती फोन छताकडे करून ठेवायची.

"सरवरी, चेहरा तो दिखाव," शफीक म्हणायचा. त्या घरातली बोली अशीच. "पंखाच दिखताय मेरे को."

"हात गुंतेले है," ती म्हणायची.

अशाच दिवसांत फोनवर ती जाहिरात आली. पांढरा कोट घातलेली एक गोरीपान बाई सांगत होती, की या कॅप्सूलनं वय दहा वर्षं मागं जातं. पहिला महिना मोफत, फक्त पोहोचवण्याचा खर्च द्या. खाली लाल आकडे झरझर कमी होत होते. संधी संपत आली होती. त्याच्याही खाली मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत बरंच काही लिहिलेलं होतं. सरवरीनं ते वाचलं नाही. वाचता आलं असतं, तरी त्या दिवशी तिनं वाचलं नसतं. दहा वर्षं मागं, एवढंच तिला ऐकू आलं होतं. दहा वर्षांमागं शफीक दर दोन सालांनी येत होता, नमरा शाळेत होती, आणि घरात बोलायला कुणीतरी होतं. पोहोचवण्याचे पैसे भरायला तिनं पिन दाबला.

डबी आली. ती मन लावून गोळ्या घेऊ लागली. पोटात जळजळ व्हायची, पण औषध लागू पडत असेल असं तिनं मनाला समजावलं. पुढच्या महिन्यात न मागवताच दुसरी डबी आली, त्याच्या पुढच्या महिन्यात तिसरी. मोफतच पाठवत असतील, असं तिला वाटलं. ईदच्या तोंडावर माल भरायला गेली, तेव्हा व्यापाऱ्याच्या दुकानात पैसेच जाईनात. खातं जवळजवळ रिकामं होतं.

डबीवरच्या नंबरला तिनं फोन लावला. नुसतं संगीत वाजत राहिलं. मग एका पोरीनं उचलला, "मॅम, आपने प्लॅन लिया है," म्हणाली आणि ठेवून दिला. त्यानंतर तो नंबर लागलाच नाही.

समोरच्या शिलाईच्या दुकानातून विजयमाला हे पाहत होती. ब्लाऊज शिवणारी ही बाई सरवरीची जुनी मैत्रीण. ती मशीन सोडून उठून आली.

"काय झालं वो? तोंड काहून उतरलं?"

"काई नाई. रक्तवाढीच्या गोळ्या मांगवल्या होत्या."

विजयमालानं डबी उचलली. डबीवर एका तरण्या बाईचं चित्र होतं. तिनं ते पाहिलं, मग सरवरीकडे पाहिलं. "रक्तवाढीच्या?"

सरवरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "थे येऊन राह्यले विजू. मले पाहून काय म्हनतीन?"

विजयमालानं ना उपदेश केला, ना ती हसली. शेजारी बसून खात्यातले पैसे कसे गेले, ते तिच्याकडून काढून घेतलं. मग म्हणाली, "बह्याड व्हय तू. फुकट देनाऱ्याले तुह्या खात्यात कायले हात घालू द्याचा? ऊठ. आत्ताच बँकेत जाऊ."

बँकेतल्या बाईनं सरवरीचाच फोन मागून घेतला आणि तिला दाखवत दाखवत उघडला. "ऑटोपे हाये हे. तुमी तवा पिन टाकला ना, थो एका डावाचा नव्हता. दर महिन्याले आपोआप पैसे कापाची परवानगी देली तुमी." आणि तिथल्या तिथं तिनं ती परवानगी बंद करून दाखवली. "अशे लय लोक येतात, ताई. चांगले शिकेल मास्तरसुद्धा. आता एकोणीसशे तीसले, सायबर पोलिसाच्या नंबरले, फोन करून तक्रार द्या, अन् पुढं फुकट दिसलं का पयले खालचं बारीक वाचून घ्या कोनाकून." गेलेले पैसे परत येतील याची खात्री तिनं दिली नाही, आणि ते आलेही नाहीत. पोटाची जळजळ मात्र गोळ्या सोडल्यावर थांबली.

त्या रविवारी फोन आला, तेव्हा सरवरीनं तो छताकडे केला नाही. सरळ तोंडासमोर धरला आणि गोळ्यांपासून बँकेपर्यंत सगळं सांगून टाकलं. शफीकनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मग कॉल कट झाला. ती समजली, की तो रागावला. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शटर वर करताच फोन वाजला.

"मेरे को बुरा लगा," शफीक म्हणाला. "पैसे का नई. तू मेरे से डरी, इसका."

ईदनंतर हैदराबादकडून येणाऱ्या गाडीनं तो वाशीमला उतरला. सरवरी स्टेशनावर होती. डब्यातून एक वाकलेला, जाड चष्म्याचा माणूस उतरला, आणि तिनं त्याच्या पलीकडे पाहिलं, शफीकला शोधत. तो हाक मारेपर्यंत.

पहिले दिवस अवघड गेले. त्याला घरातला चमचा सापडायचा नाही. तिला दुसऱ्या माणसाच्या घोरण्याची सवय उरली नव्हती. तो समोर बसलेला असायचा आणि तिला त्याची आठवण यायची. दोघांनाही कळत होतं, की माणूस परत आला, पण वर्षं तिकडंच राहिली.

मग एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शफीक स्टुलावर बसून काचेच्या बांगड्या रंगांप्रमाणे लावत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "नमरा का पैला दाँत कब गिरा?"

सरवरी चमकली. "क्या?"

"मैं था नई ना. बता."

तिला नीट आठवेना. पहिलीत असावी, की बालवाडीत? दात कौलांवर फेकला होता, एवढं तिला पक्कं आठवलं. तेवढंच तिनं सांगितलं. शफीक हातातलं काम सोडून ऐकत राहिला.

"और फिर?" तो म्हणाला. "सायकल किसने सिखाई उसको?"

ती सांगू लागली.