साध्या कपड्यातले हवालदार

माझी आई म्हणायची, हिची वकिली म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या. खोटं नव्हतं. जबलपूरच्या कोर्टात माझ्या बरोबरीच्यांनी राइट टाउनात बंगले बांधले, अन् मी मदन महलच्या भाड्याच्या खोल्यांतून स्कूटर काढून कधी जेलात, कधी बाल सुधारगृहात हिंडत होते. पण मला त्यात मजा यायची, सांगायला लाज कसली. लोकं सिनेमाला जातात, मी सुनावणीला जायचे.

त्या वर्षी सुधारगृहात दहावीचा एक पोरगा होता. दोस्तांनी उचललेल्या मोटरसायकलवर मागे बसून ग्वारीघाटापर्यंत फिरून आला, एवढाच त्याचा पराक्रम. जामीन अडकलेला अन् बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली. परीक्षेला बसायची परवानगी मी पहिल्याच तारखेला मिळवली. मोठ्या तोऱ्यात सांगायला गेले, तर हा मान खाली घालून बसलेला.

"वर्दीवाले संगं येतीन तर मी नाही बसत पेपरले."

"काहून रे? एवढी भांडून आली ना मी."

"सेंटरवर माझ्या वर्गातले पोरं राहतीन. आईनं सगळ्यायले सांगितलं का मी मामाकडं अमरावतीले गेलो."

मला असा राग आला. म्हटलं, आयता घास भरवून राहिले तर याचे नखरे पाहा. मग घरी जाता जाता राग माझ्यावरच उलटला. बरोबरच होतं त्याचं. पोलिसांसोबत एकदा दिसला असता तर तो पुन्हा शाळेची पायरी चढला नसता, हे त्याच्या आईलाही दिसत होतं. अन् कायदाही त्याच्याच बाजूचा होता: असल्या मुलांना नेताना बेडी नको, वर्दी नको. पण कायदा राहतो पुस्तकात अन् पोलीस राहतात लाइनीत. मी पुन्हा उभी राहिले, मॅजिस्ट्रेटसाहेब कंटाळेपर्यंत बोलले, अन् हुकूम घेऊनच खाली उतरले. सोबतचे पोलीस साध्या कपड्यात जातील. वरून, पोलिसांची गाडीही नको म्हणून दिराची पांढरी ॲम्बेसेडर ड्रायव्हरसकट मागून घेतली. भारी हुशार समजत होते मी स्वतःला.

पहिला पेपर गणिताचा. सकाळी सुधारगृहाच्या फाटकावर दोन हवालदार उभे होते, एक पिकल्या मिशांचे, रिटायर व्हायला आलेले, दुसरा नवाच. साधे कपडे म्हणजे माझ्या डोक्यात पॅन्ट-शर्ट. पण पोलीस लाइनीत वर्दी काढून या म्हटलं की पेटीतून एकच वस्तू निघते, लग्नाकार्याची सफारी. दोघांच्या सफारी एकाच ताग्यातल्या, राखाडी, कडक इस्त्रीच्या, वर खिशाला पेन.

"हवालदारसाहेब, हे काय?"

"मैडम, कोर्ट का ऑर्डर था," मोठे हवालदार अभिमानाने म्हणाले. "घर में जो सबसे अच्छा था, वही पहना है."

बदलायला वेळ नव्हता. चलो, म्हटलं, बसा.

सेंटरवर पोरं आपापल्या बाकांवर जाऊन बसली होती. फाटकातून पांढरी गाडी आत शिरली, तिच्यातून दोन सफारी उतरल्या, अन् शाळेत एकच पळापळ. खिडक्यांतून चिठ्ठ्या कुरमुऱ्यांसारख्या खाली सांडायला लागल्या. भाच्यांना उत्तरं पोचवायला भिंतीवर चढून बसलेले मामे धपाधप उड्या टाकून पसार झाले. मला काही उमगेना. मग चपराशी ओरडत गेला, उड़नदस्ता आला, उड़नदस्ता आला, तेव्हा उजेड पडला. बोर्डाचं कॉपी पकडणारं पथक समजले होते आम्हाला.

प्राचार्य घाम पुसत आले, हातात खोव्याच्या जिलेबीची प्लेट. "पधारिए सर, हमारे यहाँ सब एकदम साफ़ है." तेवढ्यात वरून एक चिठ्ठी आली अन् जिलेबीवर पडली.

मी हसू दाबत वळले, अन् गाडीच्या दाराशी उभ्या पोराकडे पाहून माझं हसूच आटलं. त्याचं तोंड पांढरंफटक. सगळ्या खिडक्यांतून त्याच्या वर्गातली तोंडं बाहेर आलेली. पोलीस हा शब्द कोणाच्या तोंडून निघाला असता तर तो तिथूनच परत फिरला असता. अन् खोटं पथक व्हावं तर बिचाऱ्या हवालदारांची नोकरी जाते. कोर्टात माझं तोंड कोणी बंद करू शकलं नाही, अन् तिथे मी नुसती पर्सची चेन उघडबंद करत राहिले.

मोठ्या हवालदारांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"कैसा दस्ता, साहब. हम तो अपने लड़के को छोड़ने आए हैं. मैं बड़ा चाचा, ये छोटा चाचा."

प्राचार्यांनी दोघांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "ऐसे, सूट में?"

"घर में पहली बार कोई मैट्रिक दे रहा है. पजामे में आते क्या?"

प्राचार्य जिलेबी घेऊन परत गेले. वरून कोणी तरी हाक मारली, "अबे, अमरावती से कब आया?" पोराने नुसता हात हलवला, अन् पळत जिना चढला.

पेपर सुटेपर्यंत मोठे हवालदार नुसत्या येरझाऱ्या घालून राहिले होते. सख्ख्या बापाने घातल्या नसत्या. पोरगा बाहेर आला अन् एक प्रमेय सोडलं म्हणाला, तर त्यांनी त्याला असं झापलं की आमचा ड्रायव्हर तोंड फिरवून हसायला लागला. मी इतकी खूश होते की मीही त्याला दोन शब्द सुनावून घेतले.

परतताना पोरगा मागच्या सीटवर दोघांच्या मध्ये बसला होता. म्हणाला, "चाचा, अगले पेपर में वर्दी पहन के आओ न. मैंने सबको बोल दिया, मेरे चाचा पुलिस में हैं."

मग मोठे हवालदार पुढे वाकले अन् हळूच, आशेने मला म्हणाले, "मैडम, ऑर्डर बदल सकता है क्या?"

मी चाचा-पुतण्या दोघांवरही खेकसले. नाही तर मी तिथेच रडले असते.