हुतात्म्याची सही

आमच्या घरात मी बाराखडी शिकले ती पत्रकांवर. बाबा कारखान्यात फिटर आणि युनियनचे जुने कार्यकर्ते. छापून आलेल्या पत्रकांच्या ते चमच्याच्या पाठीने घड्या घालायचे आणि मी गेटवर वाटायची. दर वर्षी एक पत्रक ठरलेलं असे: लाठीमारात मेलेल्या कामगाराच्या स्मृतिदिनाचं. गेटजवळ त्याच्या स्मारकाचा चौथरा होता, त्यावर त्याचं नाव कोरलेलं होतं. बाकी त्याच्याबद्दल कोणी फारसं काही सांगत नव्हतं. म्हणून यंदा त्याच्यावर पुस्तिका लिहायचं मी अंगावर घेतलं.

युनियनच्या सभासद-वहीत त्याची सही सापडली, खाली आडवी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. तो वाचायचा, असं एका म्हाताऱ्या कामगाराने सांगितलं, म्हणून आमच्याच शहरात, सुपेल्यातल्या एका जुन्या वाचनालयाच्या नोंदवह्या उघडल्या. तेच नाव, तेच बापाचं नाव, भंडाऱ्याकडचं तेच गाव. रेघ आणि दोन टिंबं. मी तारीख बघितली. परत बघितली. मरून दोन वर्षं झाल्यावर या माणसाने एक कादंबरी नेली होती आणि उशिरा परत केली होती. पत्ता रिसालीचा, म्हणजे इथलाच.

ज्या कागदांनी मला खोटं ओळखायला शिकवलं, त्यांच्यावरच खोटं छापलेलं होतं.

घरी येऊन बाबांपुढे मोबाइलमधला फोटो धरला. त्यांनी चष्मा लावला, काढला.

"महिन्याभरानं वापस आला होता तो," ते म्हणाले. "लाठीमारानंतर पळून गावी लपला होता, आमाले वाटलं मेला. तोवर चौथरा बनून गेला होता, लोक पेटून उठले होते. आमीच त्याले म्हटलं, थोडे दिवस चूप राय."

"थोडे दिवस?"

बाबांनी चष्मा खिशात ठेवला आणि हळूच सांगितलं की तो आता खरंच गेला, मागच्या साली. मयतीला चौघंच होते. घोषणा नव्हत्या.

कमिटीतल्या एका काकांनी मला समजावलं की असं छापलं तर मालकाला आयतं हत्यार मिळेल. मी म्हटलं, मग तुमच्या पत्रकात आणि मालकाच्या नोटिशीत फरक काय राहिला. पुस्तिका मी माझ्या नावाने लिहिली, पहिल्या पानावर ती सही.

मजकूर बाबांना वाचायला दिला. ते नको म्हणतील याची मला खात्री होती. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, कागद गुडघ्यावर ठेवून त्याची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"एक राहिलं," ते म्हणाले. "दर साली यायचा तो स्मृतिदिनाले. मागच्या रांगेत. श्रद्धांजलीले दोन मिनिटं उभा बी राहायचा."

तेव्हा मला मागच्या रांगेतला, हिरव्या सायकलीवरून येणारा म्हातारा आठवला. मी त्याच्या हातात पत्रक ठेवायची. तो दर वेळी म्हणायचा, "बेटा, एक और दे."

मी द्यायची.